वनितासाठी राखलेली चूक

नवीन माणूस कॉम्प्युटरसमोर बसलं की बाई आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून शेजारच्या खुर्चीवर बसायच्या. थंडी नसायची, काही नसायचं. त्या पोरानं चुकीचं बटण दाबलं, सगळं लाल झालं, पोरगं घाबरून बाईंकडे बघू लागलं, तरी हात बाहेर यायचे नाहीत. फक्त मान हलायची. "मोडू दे. मोडल्याबिगर समजत नाई."

एकदा मी विचारलं, हे हातांवर बसणं कशासाठी? तर म्हणाल्या, "हात मोकळे राह्यले त मीच करून टाकन. अन् मंग हा पोट्टा जलमभर पाहातच राहीन."

दुसऱ्याच्या हातून काम हळू होताना ज्याला पाहवत नाही, असा एखादा तरी माणूस तुमच्या घरात असेल. आमच्या ऊर्जानगरच्या वसाहतीत तो मी आहे. बाई आणि मी वीजकेंद्रात मीटर आणि यंत्रांची मापं बघणाऱ्या एकाच खात्यात. त्या मला खूप वरिष्ठ. क्वार्टरही समोरासमोर. त्यांच्या गॅलरीतल्या कपड्यांवर आणि माझ्या गॅलरीतल्या कपड्यांवर एकाच चिमणीची राख पडायची, पण त्या कपडे झटकून हसायच्या आणि मी वारा कुठून वाहतो त्याला शिव्या द्यायचो.

रविवारी बाईंच्या पुढच्या खोलीत 'बोलकी'चं काम चालायचं. बोलकी म्हणजे मोबाइलवर आलेला मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. तो कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही फुकट वापरावा, कुणीही आतून उघडून बघावा, कुणीही दुरुस्त करून परत द्यावा, अशी त्याची रीत. जागोजागची माणसं आपापल्या वेळात त्यावर काम करायची. पण आलेली दुरुस्ती तपासून आत घ्यायची की नाही, हे ठरवणाऱ्या दोन-चार जणांत बाई होत्या, आणि त्यांच्या हट्टामुळे मीही.

हट्ट त्यांचा एकच होता. नवीन माणसं आली पाहिजेत. कॉलेजची पोरं, वीजकेंद्रातले शिकाऊ, कोण कोण यायचे. पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मॅडम, सर्टिफिकेट मिळते का?"

"चहा मिळते," बाई म्हणायच्या. अर्धे तिथूनच पांगायचे. उरलेल्यांना चहाबरोबर पोहे मिळायचे.

आता बोलकी सुरुवातीला जे काही बोलायची ते ऐकण्यासारखं होतं. लग्नपत्रिकेतलं 'चि. सौ. कां.' ती 'ची सौ का' असं वाचायची, जणू नवरीच्या बापाची उलटतपासणी चाललीय. 'रा. मूल, जि. चंद्रपूर' हे 'रा मूल, जी चंद्रपूर' व्हायचं. अहेरीला एक मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर गेली. बोलकी वापरणाऱ्यांत ते आमचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात तक्रारखोर. तोंडी निरोप रेकॉर्ड करून पाठवायचे. "बाई, आमच्या जिल्ह्याले 'जी' म्हणून आजवर कोनी हाक मारली नोती. हे दुरुस्त नका करू. ऐकून बरं वाटते." आम्ही तो निरोप पुन्हा पुन्हा लावून हसायचो.

अशा बारीक चुका दिसल्या की माझे हात शिवशिवायचे. बाई अडवायच्या. "हात लावू नोको. सरवा आहे तो."

बाई मूलकडच्या धानपट्ट्यातल्या. धान कापून नेलं की बांधीत थोड्या लोंब्या पडून राहतात, त्या मागून येणारे वेचतात, त्याला सरवा म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. बाईंच्या आईचं म्हणणं असं की, शेत झाडून न्यायचं नसतं, मागून येणाऱ्याला काही ठेवायचं असतं. बाईंनी ते थेट कॉम्प्युटरात आणलं. सोप्या चुका आपण दुरुस्त करायच्या नाहीत. त्या नव्यांसाठी पडू द्यायच्या. "अवघड काम तुयासारख्यानं करावं. सोपं काम ज्याले पहिल्यांदा करायचं आहे त्याचं." आणि खरं सांगतो, माझी चिडचिड व्हायची, पण एखादं पोरगं आपली पहिली दुरुस्ती आत गेलेली बघून खुर्चीतून उठून उभं राहायचं, तेव्हा मीही पोह्यांची बशी खाली ठेवून टाळ्या वाजवायचो.

वनिता आली ती मूलच्या पुढच्या एका गावातून, एसटीनं. बाप तलावात जाळं टाकणारा ढिवर, आई मासळी घेऊन बाजारात बसणारी. पोरगी मूलच्या कॉलेजात शिकत होती. घरी कॉम्प्युटर नव्हता. बाईंकडे येईल तेव्हाच बोटं चालायची, त्यामुळे प्रगती गोगलगायीची. दोन अक्षरं टाइप करायची, थांबायची, पुन्हा वाचायची. मला समोर बसवत नसे. बाई हातांवर घट्ट बसून असायच्या. मधेच मला डोळ्यानं दटावायच्या.

तिची चूकही बाईंनीच निवडली होती. एका रविवारी कुणीतरी भाजीची कृती बोलकीला वाचायला दिली. त्यात होतं, '१/२ वाटी तेल.' बोलकी म्हणाली, "एक दोन वाटी तेल." मधली तिरकी रेघ तिला कळतच नव्हती. आम्ही पोट धरून हसलो. मी म्हणालो, "वांगी पोहायला शिकतील." बाईंनी डोळे पुसले आणि वनिताला म्हणाल्या, "हे तुयासाठी राखलं. सावकाश कर. कोनी हात नाई लावनार."

"खरंच नाई लावनार, बाई?"

"मी सांगून राह्यली ना."

वनितानं माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. तेवढ्यात पाऊस लागला, धानाची रोवणी सुरू झाली. वनिता मायबरोबर लोकांच्या बांध्यांमध्ये रोवणीच्या मजुरीला जाऊ लागली आणि रविवारी येणं थांबलं. चूक तिथेच पडून राहिली. मी एकदा बाईंना म्हणालो, चहा निवायच्या आत करतो. बाई म्हणाल्या, "तुले काऊन घाई? तेलाची भाजी खाऊन कोनी मरत नाई."

हे वाक्य त्यांचं आहे, पण त्यावर हसलो मीही होतो.

मास्तर पडल्याचं आम्हाला त्यांच्या पुतण्यानं कळवलं. त्यांना चंद्रपूरला आणलं होतं, खुब्याचं हाड मोडलं होतं. बाई आणि मी भेटायला गेलो. मास्तर पाय बांधून पडले होते, तरी तोंड सुरूच. पुतण्या नागपूरला असतो. डॉक्टरनं सांगितलेल्या गोळ्या तो मोबाइलवर लिहून पाठवायचा आणि मास्तर बोलकीकडून वाचून घ्यायचे. नजर गेल्यापासून पहिल्यांदा औषधासाठी कुणाला हाक मारावी लागत नव्हती, याचा त्यांना केवढा अभिमान होता.

"झोपेची गोळी नवीन देल्ली," मास्तर सांगत होते. "बोलकी म्हने, रात्री एक दोन गोळी. मी म्हटलं, डॉक्टर मोठा दिलदार दिसते. एकीनं भागलं नाई त दोन घे म्हनते. मी आपल्या दोन घेत गेलो. सकाळी अंगणात उतरतो म्हटलं, त पायरी कुठी अन् मी कुठी."

पुतण्यानं लिहिलं होतं, 'रात्री १/२ गोळी.'

बाईंनी पलंगाची कड धरली. मास्तरांना ते दिसलं नाही. ते हसत होते. "दोष बोलकीचा नाई, बाई. जलमभर पोट्ट्यायले अपूर्णांक शिकवले, अन् मलेच अर्धी गोळी समजली नाई. हे कोनाले सांगू नका, मास्तरची लाज जाईन."

माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. आम्ही माफी मागितली असती, शिव्या खाल्ल्या असत्या. मास्तरांनी ती सोय ठेवली नाही. उलट डब्यातला पेढा काढून बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो मुठीत धरला आणि घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही.

क्वार्टरवर आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि मला म्हणाल्या, "तू कर. माह्याच्यानं होत नाई." मी बसलो. चहा निवायच्या आत झालं. '१/२' आलं की 'अर्धा' किंवा 'अर्धी' म्हणायचं, एवढंच होतं ते. दुरुस्ती सगळीकडे पोचली आणि आम्ही मास्तरांचाच निरोप बोलकीला वाचायला दिला. तिनं स्वच्छ आवाजात सांगितलं, रात्री अर्धी गोळी. बाई तोंडावर पदर धरून आत गेल्या.

"लोंब म्हनून ठेवली मी," आतून आवाज आला, "अन् मानूस पडला."

तो आवाज मी अजून विसरलो नाही. खरं म्हणजे चूक पहिल्यांदा मला खुपली होती. मी हटून बसलो असतो तर बाईंनी ऐकलं असतं. मी एरवी कधी कुणाचं ऐकत नाही, त्याच वेळी कसा शहाण्यासारखा गप्प बसलो, कोण जाणे.

रोवणी संपल्यावर वनिता आली. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, उन्हानं तोंड रापलेलं, पण डोळे लकाकत होते. चप्पल काढायच्या आत बोलू लागली. "बाई, मले सुचलं. रोवता रोवता सुचलं. नुसतं अर्धा म्हनून नाई भागत. दीड आहे, अडीच आहे. एक अन् अर्धा असं कोन म्हनते? सव्वा, पावनेदोन, सगळं घ्यावं लागन. मी मनातल्या मनात पुरं लावून ठेवलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

"ते झालं, वनिता," बाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"ते काम. ह्यानं केलं."

वनिता उभीच होती. "तुमी म्हनलं होतं माह्यं आहे ते."

"हो. इसरली मी."

इसरली. इतकंच. मास्तरांचं नाव नाही, गोळीचं नाव नाही. मी मधे पडलो. म्हणालो, दीड-अडीचचं अजून बाकी आहे, ते वनितानं करावं. खरंच बाकी होतं. माझ्या घाईच्या दुरुस्तीला दीड कुठून सुचणार? पण बाईंचा चेहरा एकदम पांढरा पडला. पुन्हा एक चूक कुणासाठी तरी राखायची, या कल्पनेनंच त्या घाबरल्या असाव्यात.

"ते बी झालं," बाई म्हणाल्या.

वनिताच्या ओठाचा कोपरा हलला. "बरं आहे. तुमच्या वसाहतीतल्या लोकायचं काम लवकर होते." तिनं चप्पल पुन्हा घातली. बाईंनी चहा म्हटलं. ती नको म्हणाली. पोह्यांचा वास घरभर होता, हे मला विनाकारण आठवतं.

आणि मग मी काय केलं ते ऐका. ती नाक्यावर एसटीची वाट बघत उभी होती, माझ्या गॅलरीतून तिची निळी ओढणी दिसत होती. मी आत जाऊन दीड, अडीच, सव्वा, पावणे सगळं लिहून टाकलं. तिनं सांगितलं तसंच, तिच्याच क्रमानं. बाई खोटं बोलल्या होत्या आणि मी बस यायच्या आत त्यांचं खोटं खरं करून दिलं. त्या दुरुस्तीवर माझं नाव आहे. लोकांनी त्या दुरुस्तीचं कौतुक केलं. कुणीतरी लिहिलं, मराठीची फार बारीक जाण दिसते.

त्यानंतर बाईंनी सरवा ठेवणं बंद केलं. चूक दिसली की त्या स्वतःच दुरुस्त करायच्या, त्याच दिवशी. हात मांड्यांखाली जाईनासे झाले. नवीन पोरं यायची, बसायची, चहा प्यायची. करायला काही नसायचं. अवघड कामं त्यांना झेपत नसत आणि सोपी उरत नसत. हळूहळू येणं थांबलं. बोलकी पूर्वीपेक्षा फारच शुद्ध बोलू लागली. 'जिल्हा चंद्रपूर' म्हणू लागली. मास्तरांनी त्यावर तक्रारही केली नाही.

मी भांडलो बाईंशी. म्हणालो, धोक्याच्या चुका वेगळ्या काढू, त्या आपण करू, बाकीच्या ठेवू. बाई म्हणाल्या, "तेलाची भाजी धोक्याची दिसली होती का तुले?"

निवृत्त झाल्यावर बाई ऊर्जानगरात राहिल्या नाहीत. अहेरीला त्यांची बहीण होती, तिच्याकडे गेल्या. बोलकीचे सगळे अधिकार मला देऊन गेल्या. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा अहेरीचा आठवडी बाजार होता. बाई घरी नव्हत्या. बहिणीनं सांगितलं, मास्तरकडे असेल, रोज तिथेच असते. मास्तर ओट्यावर धरून चालायचा चौकोनी आधार पुढ्यात घेऊन बसले होते आणि बाई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. मास्तर म्हणाले, "बोलकी बरी होती. ही बाई मधेमधे आपली मतं सांगते." बाई हसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना बघितलं.

परत जाताना त्या बसथांब्यापर्यंत आल्या. मी पुन्हा तोच विषय काढला. वनिता नागपूरला नोकरीला लागल्याचं कळलं होतं. म्हणालो, तिला एकदा खरं सांगा. तिला वाटतं तुम्ही ढिवराच्या पोरीचं काम काढून आपल्या माणसाला दिलं.

"वाटू दे."

"तुमच्याविषयी असं वाटू द्यायचं?"

बाई थांबल्या. "तिले खरं सांगितलं, त ती काय म्हनन? मी रोवत होती अन् माह्या कामापायी म्हातारा पडला, असं म्हनन का नाई? मले ठाऊक आहे ते ओझं. राग आला त मानूस शिकते. म्हनते, दाखवतो आता तुमाले. पाप लागलं असं वाटलं, त बसून जाते. माह्याकडं पाह्य ना. बसली का नाई मी?"

मी रस्त्यावर बस दिसते का ते बघू लागलो.

"तिले राग राहू दे. माह्यावर आहे ना, मले चालते. तू सांगजो नोको. माही आन आहे तुले."

आन घातली म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगतो. पण खरं सांगितलं तर दीड-अडीचचंही सांगावं लागेल, हेही मला कळत होतं. बाईंचं गप्प बसणं त्या पोरीसाठी होतं. माझं कुणासाठी होतं, हे मी फार खोलात जाऊन बघत नाही.

बाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि बहिणीचा फोन आला. मास्तरांना मी भेटून आलो. ओटा होता, आधार होता, मोबाइल मांडीवर होता. बोलकी वर्तमानपत्र वाचत होती, एकही चूक न करता. मास्तर ऐकत नव्हते.

परवा चंद्रपूरच्या एका कॉलेजात वनिता आली होती. अशा फुकटच्या, सगळ्यांच्या प्रोग्रामवर काम कसं सुरू करावं, हे पोरांना सांगायला. तिचं नाव झालंय आता. मी मागच्या रांगेत बसलो. ती छान बोलली. घाबरू नका, विचारा, चुका करा, असं सगळं. मग म्हणाली, "अन् एक ध्यानात ठेवा. कोणी म्हटलं ना, हे काम तुमच्यासाठी राखून ठेवलं, तर थांबू नका. त्याच दिवशी करा. मी थांबली होती एकदा. माझं काम दुसऱ्यानं केलं. त्या दिवशी मी ठरवलं, आता कोणाच्या भरवशावर राहायचं नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवतात म्हणून मीही वाजवल्या.

बाहेर तिनं मला ओळखलं. नमस्कार केला, जेवढ्यास तेवढा. म्हणाली, "बाई कशा आहेत?"

"गेल्या. मागच्या उन्हाळ्यात."

मग तिची बोली जुनी झाली. "एकदा यायचं होतं मले. बोलून टाकायचं होतं काय ते. प्रत्येक वेळी वाटे, जाऊन काय करू? राग जात नोता."

"अजून आहे?"

"आहे. थोडासा आहे अजून." तिचे डोळे भरले होते. "मेलेल्या मानसावर राग ठेवू नाई म्हनतात. तुमी होते ना तिथी. खरंच इसरल्या होत्या का हो बाई?"

सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पलंगाची कड आली, पेढा आला, बस यायच्या आत लिहिलेलं दीड आणि अडीच आलं. आत पोरं तिची वाट बघत होती, कुणीतरी दारातून "ताई, ताई" म्हणत होतं.

"हो," मी म्हणालो. "इसरल्या होत्या."